बोनेट उघडण्याआधी

भुईबावडा घाटात जुलैमधल्या एका संध्याकाळी धबधबा बघायला म्हणून मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर नुसता ‘टक’ असा आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. सोबत आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मी बोनेट उघडलं आणि पुढचा पाऊण तास त्यात डोकं घालून उभा राहिलो. आतलं मला फारसं काही कळत नव्हतं, पण अशा वेळी घरातल्या पुरुषाने बोनेट उघडून गंभीर चेहरा करायचा असतो, एवढं माहीत होतं. त्याच पाऊण तासात खालून गगनबावड्याकडे निघालेली एसटी आली. वेग कमी झाला, वाहकाने दारातून मान बाहेर काढून हातानेच विचारलं, काय झालं? मीही हातानेच सांगितलं, काही नाही, होईल, जा तुम्ही.

ती त्या दिवशीची शेवटची गाडी होती. मग धुकं उतरलं, अंधार झाला आणि चौघांनी रात्र गाडीत काढली.

बिघाड काय होता ते पुढे सांगेन. तो अगदीच क्षुल्लक होता, पण त्या संध्याकाळची चूक बिघाडात नव्हतीच. उजेड असताना, हाताशी चालती एसटी असताना मी यंत्राकडे बघत बसलो. आडरानात गाडी बंद पडली की आधी जागा बघायची, मग घड्याळ, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आपण बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतो.

गाडी एकदम क्वचितच मरते. आचके देते, काटा चढतो, लाल दिवा लागतो आणि शे-दोनशे मीटरची सवड मिळते. ती सवड वळण ओलांडून सरळ रस्त्याचा तुकडा गाठायला वापरा. उतार असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हळूहळू घरंगळत नेता येते, मात्र किल्ली काढायची नाही, कारण ती काढली की स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असताना ब्रेकही दोन-तीनदाच नेहमीसारखा लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं आणि सगळा जोर लावून दाबावं लागतं. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस भर उतारावर घाबरतो. पावसाळ्यात डोंगराकडची बाजू सुरक्षित वाटते, पण कड्यावरून ताजी लाल माती ओघळलेली दिसली, रस्त्यावर लहान दगड पडलेले असले किंवा झाडं खाली झुकलेली असली, तर तिथे थांबू नका. दरड कोसळण्याआधी अशीच सूचना देते. मोरीवर आणि ओढ्याच्या तोंडाशीही गाडी उभी करू नये.

चारी दिवे लुकलुकते ठेवा आणि माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे पक्की जागा असेल तिथे न्या. डिकीतला लाल त्रिकोण गाडीच्या बुडाशी लावून काही उपयोग नाही. तो मागे पन्नास-साठ पावलांवर हवा, आणि मागे वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्याआधीच दिसेल. त्रिकोण नसेल तर ट्रकवाले करतात तसं झाडाच्या हिरव्या फांद्या रस्त्यावर टाका. फांद्याच टाका, दगड नकोत. दगड लावणारा गाडी सुरू झाली की निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्यावर एखादा दुचाकीवाला आपटतो.

आता घड्याळ. माझा नियम असा आहे की अंधार पडायला दोन तासांहून कमी वेळ असेल, तर दुरुस्तीला वीस मिनिटं द्यायची. तेवढ्यात जमलं तर उत्तम, नाहीतर बायकामुलांना आणि वयस्कर माणसांना पहिल्या मिळेल त्या वाहनाने वस्तीवर पाठवायचं. घाटात सूर्यास्ताची वेळ गृहीत धरू नका. पावसाळी धुक्यात साडेसहालाच दिवे लावावे लागतात.

चालत जायचं की गाडीजवळ थांबायचं, हा खरा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा थांबा असंच आहे. गाडी म्हणजे छप्पर आहे, लांबून दिसणारी खूण आहे, आणि शोधणारा आधी तिलाच शोधतो. जायचं झालंच तर वस्ती कुठे आहे हे नक्की माहीत असावं, दिवस असावा आणि जोडीने निघावं. काचेच्या आत कागद ठेवावा: कोण गेलं, किती वाजता, कोणत्या दिशेने. रस्ता सोडायचा नाही. खाली दिवे दिसतात म्हणून पायवाटेने उतरणारे लोक सह्याद्रीत कड्यावर येऊन अडकतात. मेळघाटात सेमाडोह-हरिसालच्या रस्त्यावर किंवा ताडोबाच्या आसपास तर पायी निघायचंच नाही. तिथे काचा वर करून बसायचं आणि वनखात्याची गस्त किंवा पुढचं वाहन येईपर्यंत वाट बघायची.

लडाखला गाड्या आणि बुलेट घेऊन जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. त्यांच्यासाठी न चालण्याचं कारण वेगळं आहे. साडेचार हजार मीटर उंचीवर दोन किलोमीटर भराभर चालणं हे आपल्याकडचे दोन किलोमीटर नव्हेत. विरळ हवेत धाप लागते, डोकं दुखतं आणि विचारही नीट सुचत नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी होती. तिच्यासोबत फोटो काढून टाकी अर्धीच भरून निघालेले महाभाग मी पाहिले आहेत. आणखी एक गोष्ट: सुरक्षेसाठी म्हणून परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन किंवा तसं संदेशयंत्र पाठवलं असेल तर ते सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगू नका. भारतात तो गुन्हा ठरतो.

साध्या फोनचंही तंत्र आहे. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी आसपास दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्यावरून ११२ लागू शकतो, म्हणून ‘नेटवर्क नाही’ असं दिसलं तरी एकदा लावून बघाच. माणूस जखमी असेल तर १०८ ची रुग्णवाहिका. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, आडवाटेवर त्याचा भरवसा धरू नका. बोलणं होत नसेल तिथे साधा एसएमएस जातो, तोही थोडं वर, मोकळ्या वळणावर जाऊन पाठवला तर. मात्र अर्ध्या कॉलमध्ये ‘अगं, गाडी बंद पडली’ एवढंच सांगून रेंज गेली तर घरचे नुसते घाबरतात. म्हणून मजकूर आधी लिहून ठेवा: ठिकाण, माणसं किती, काय झालंय, पुन्हा संपर्क कधी. ठिकाण सांगायला रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड सगळ्यात चांगला. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. ‘हिरव्या दगडावर अमुक गाव १४’ एवढं सांगितलं की त्या भागातला माणूस नेमका तिथे येतो. नकाशावरचे अक्षांश-रेखांश पोलिसांना उपयोगी पडतात, गावच्या ट्रॅक्टरवाल्याला नाहीत. रेंज नाहीच असं कळलं की फोन विमान मोडवर टाका. टॉवर शोधत राहिला की त्याची बॅटरी दुपारभरात संपते.

माणसांच्या बाबतीत मी ठामपणे एसटीच्या बाजूचा आहे. आडगावच्या रस्त्यावर दिवसातून दोनच गाड्या असतील, पण त्या ठरल्या वेळेला येतात, आणि चालक-वाहकांना त्या रस्त्यावरचा प्रत्येक गॅरेजवाला, पंक्चरवाला आणि कुणाच्या घरी जॅक आहे हेसुद्धा माहीत असतं. संध्याकाळी मुक्कामी गाडी वर येते आणि पहाटे तीच खाली जाते. तिच्या वाहकाकडे चिठ्ठी दिली तर ती पोचते. त्याखालोखाल दुधाची गाडी, वडाप, भाजीचा पिकअप. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन जरूर करा, पण क्रेन शहरातून निघते आणि घाटाच्या पायथ्याला आली की तिथला चालक ‘वर येत नाही’ म्हणतो, हे माझ्यासोबत दोनदा घडलं आहे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर फोनवरच स्पष्ट सांगा: चारही चाकं उचलणारी गाडी पाठवा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत लांब नेली तर गिअरबॉक्स जातो.

मदतीला आलेल्याशी वागण्याचीही एक रीत असते. ‘ओ, इकडे या’ असं लांबून ओरडू नये. जवळ जाऊन ‘मामा, जरा अडचण झालीय’ म्हणावं. काम झाल्यावर पैसे विचारावेत, आणि ते ‘राहू द्या’ म्हणाले तर डिझेलचे म्हणून द्यावेत. तरीही घेतले नाहीत तर घरातल्या पोरांसाठी काहीतरी हातात ठेवावं. कोणी ट्रॅक्टरने टोचन करून देतो म्हणाला तर दोराने फक्त चढावर किंवा सपाटीला. उतारावर दोर ढिला पडतो आणि आपली गाडी, तीही ब्रेकची मदत गेलेली, पुढच्यावर जाऊन आदळते. उताराला लोखंडी पट्टीच हवी. ओढायचा हूक बऱ्याच गाड्यांत डिकीत जॅकशेजारी सुटा असतो आणि बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आत पिळून बसवायचा असतो. आजच जाऊन तो एकदा बघून ठेवा. घाटात, पावसात, टॉर्च दातात धरून शोधायची ती वस्तू नव्हे.

एवढं झाल्यावर बोनेट.

किल्ली फिरवल्यावर ‘टक’ होतं किंवा दिवे मंदावतात, तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांवरच्या पकडी हाताने हलवून बघा. जरा जरी हलल्या तर दोष तिथेच आहे. वर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कापडाने खरवडून काढा आणि पकड घट्ट करा. बॅटरीच उतरली असेल आणि दुसरी गाडी मिळाली, तर वायरींचा क्रम पाठ असू द्या. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग तिचं दुसरं टोक चालू बॅटरीच्या धनला. काळी वायर चालू बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती लांब. साध्या गिअरच्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारता येतो. पण बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंधनपंप आणि संगणकच जागे होत नाहीत, नुसती दमछाक होते. बटणाच्या गाडीत किल्लीचा सेल संपला असेल तर किल्लीच बटणाला टेकवून दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात.

गाडी तापणं हा घाटातला सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महागात पडणारा प्रकार. काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. घाम फुटेल, पण हीटर हा इंजिनची उष्णता बाहेर काढणारा छोटा रेडिएटरच असतो. एवढ्यावर काटा उतरला तर हळूहळू चालत राहा. वाफ दिसली, किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, किंवा त्यासोबत बॅटरीचा दिवाही लागला, तर इंजिन लगेच बंद. शेवटच्या प्रकारात बहुधा पट्टा तुटलेला असतो, आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. आता पाऊण तास नुसतं बसायचं. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेलं असतं, आणि झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं. गॅरेजमध्ये हाताची आणि गळ्याची कातडी भाजलेले फिटर बघायला मिळतात, ते याच घाईने. वरचा जाड रबरी पाइप कापडातून दाबून बघा. तो टणक लागला तर आत दाब आहे, मऊ लागला की ओलं जाड फडकं टाकून झाकण पाव फेरा फिरवा, फुस्स होऊ द्या, मग उघडा. झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून घातलं तरी वस्तीपर्यंत चालतं, पण गार पाणी तापलेल्या इंजिनात बदाबदा ओतू नका, हेड तडकतं. पाइपला चीर असेल तर पुसून कोरडा करून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि झाकण एक आटा सैल ठेवा, म्हणजे दाब वाढणार नाही. दर चार-पाच किलोमीटरवर थांबत, पाणी घालत उतरा.

उतारावर जळका वास आला आणि ब्रेक खोल जाऊ लागला तर थांबा. चाकांवर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकते. अर्ध्या तासात बहुतेक ब्रेक परत येतात. पेडल तरीही जमिनीला टेकत असेल तर गाडी हलवायची नाही. जुने चालक म्हणतात तेच खरं: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

ओढ्याच्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल मारायचा नाही. पाणी दबत नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं असेल तर फिरवल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. पाणी वाढत असेल तर गाडी सोडून वरच्या बाजूला या. दगडावर आपटून खालचा चेंबर फुटला आणि तेलाचा लाल दिवा लागला, तरी त्याच क्षणी इंजिन बंद. डिझेल संपवून थांबलात तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही, लाइनमध्ये हवा शिरते आणि हातपंपाने ती काढावी लागते. टाकीला बारीक चीर गेली तर अंगाचा साबण घासून भरा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. पिवळे दिवे सहसा ‘सावकाश जा’ म्हणतात, लाल दिवे ‘थांबा’ म्हणतात, ही ढोबळ खूण लक्षात ठेवा. बुलेटवाल्यांनी क्लचची जादा केबल पिशवीत ठेवू नये, जुन्या केबलच्या शेजारीच ओवून ठेवावी. तुटली की टोकं बदलली आणि निघालं.

पंक्चर सगळ्यांना येतं असं सगळे म्हणतात, म्हणून दोनच गोष्टी. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, आणि जॅक लावण्याआधी उरलेल्या चाकांना दगड लावायचे. हा दगड उचलताना कोकणात जपा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दगडाखाली फुरसं असतं, वीतभर-दोन वीत, दगडाच्याच रंगाचं, आणि विखारी. दगड आधी टॉमीने उलटवायचा, मग हात लावायचा. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाकं बनू लागली. कारखाना गेला, रस्त्याचं नाव मात्र आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी राहिलं.) त्या स्टेपनीत हवा आहे का, हे शेवटचं कधी बघितलंत?

रात्र गाडीतच काढायची वेळ आली तर एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. चिखलात किंवा गवतात सायलेन्सरचं तोंड बुजलं तर विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. काच बोटभर उघडी ठेवा, आतला दिवा बंद, ओले कपडे काढून कोरडं जे असेल ते अंगावर. आमच्याकडे त्या रात्री एक सोलापुरी चादर, अर्धा पुडा बिस्किटं आणि आईच्या पिशवीतले चार आवळे होते. मुलीला वाटलं, सहल वाढली.

सकाळी सहाला कोल्हापूरकडून कोकणात भाजी घेऊन चाललेला एक पिकअप थांबला. चालकाने काही न विचारता बोनेट उघडलं, बॅटरीची एक पकड दोन बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

“दहाचा पाना हाय का?”

नव्हता. त्याने आपल्या सीटखालून काढला, दोन आटे पिळले, ‘मारा सेल’ म्हणाला. गाडी सुरू झाली. पैसे घेतले नाहीत, चार आवळ्यांतले उरलेले दोन घेतले.

तेव्हापासून डिकीत पाच लिटर पाणी, टॉर्च, जुन्या ट्यूबची पट्टी, जोडवायरी आणि कोरडे कपडे असतात. दहाचा पाना मात्र डिकीत ठेवत नाही, समोरच्या कप्प्यात ठेवतो. गॅरेजमध्ये सगळ्यात आधी हरवतो तो हाच. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी तो सायकलसाठी नेला, आणि रात्री साडेनऊला मी त्यांच्या दाराची बेल वाजवली.